रेल्वे येईल तेव्हा येईल. संध्याकाळी सातची गाडी कुठं आहे?



पावसानं उघाड दिली आहे. सोयाबीन शेंगा भरण्यात आहे, कपाशीला पात्या-फुलं धरली आहेत. फवारणीचं ज्यानं त्यानं उरकून घ्यावं. आजची नोंद मात्र पिकाची नाही, वावर सोडून गेलेल्या पोरापोरींची आहे.

खामगाव–जालना रेल्वेच्या पोस्टी पुन्हा फिरून राहिल्या. सर्व्हे झाला, राज्य सरकार निम्मा वाटा उचलायला तयार आहे, आता काय राहिलं, असा सूर आहे. मलाही रेल्वे पाहिजे, हे आधीच सांगून ठेवतो. पण एक गोष्ट बोलायचीच आहे आणि ती काहींना झोंबेल. आपल्या पोरांना काम आणि शिक्षण मिळवून द्यायला सगळ्यात आधी लागते ती सकाळी सहाला गावातून निघणारी आणि संध्याकाळी सातनंतर परत गावात आणून सोडणारी एस.टी. ती मागायला सर्व्हे लागत नाही, हजारो कोटी लागत नाहीत. तरी तिच्यासाठी कुणी उपोषणाला बसत नाही, कारण तिचा फोटो चांगला येत नाही.

आधी रेल्वेचा इतिहास बघू. खामगावला रेल्वे आली १८७० साली. जलंबपासून खामगावपर्यंत जेमतेम तेरा किलोमीटरचा फाटा. त्याच्या उद्घाटनाला हिंदुस्थानचा व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता. एवढा मोठा माणूस तेरा किलोमीटरच्या रुळासाठी का आला? खामगावच्या बाजारातल्या कापसासाठी. गाठी मुंबईला आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांना जायच्या होत्या. रूळ कापसासाठी टाकले, माणूस त्यावर नंतर बसला. तिकडं जालन्याला रेल्वे आली १९०० च्या सुमारास, निजामाच्या राज्यात. मधला चिखली, देऊळगाव राजाचा पट्टा तेव्हापासून कोरडाच आहे. शंभर वर्षांच्या वर मागणी सुरू आहे. मधल्या काळात इंग्रज गेले, निजाम गेला, विदर्भ महाराष्ट्रात आला. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रानं शेजारच्या जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या मार्गाला मंजुरी दिली. आपण अजून निवेदनं देऊन राहिलो.

रेल्वेसाठी भांडणाऱ्यांचा मी आदर करतो. पण मंजुरी उद्या मिळाली तरी भूसंपादन, पूल, बोगदे, घाट यांत किती वर्षं जातील ते तुम्हीच मोजा. आज अकरावीत असलेली पोरगी तोवर दोन लेकरांची आई झाली असेल. तिला काय सांगायचं? थांब म्हणून?

आता समृद्धी महामार्ग घ्या. ७०१ किलोमीटरचा रस्ता. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर–शिर्डी सुरू झाला, जून २०२५ मध्ये शेवटचा टप्पाही खुला झाला. आपल्या मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागातून तो जातो. जमिनी कुणाच्या गेल्या? आपल्याच कास्तकारांच्या. मोबदला मिळाला, काहींनी चांगला वापरला, काहींचा गाड्या-बंगल्यांत गेला, तो आजचा विषय नाही. विषय हा की त्या रस्त्यावर दुचाकी चालत नाही, ॲपे चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही. ज्याच्या वावरातून रस्ता गेला त्याचं पोरगं त्या रस्त्यानं कॉलेजात जाऊ शकत नाही. नागपूरचा माणूस मुंबईला आठ तासांत पोचतो ही चांगलीच गोष्ट आहे. पण दुसरबीडचं पोट्टं मेहकरला किती तासांत पोचतं, हे कोण मोजून राहिलं?

या रस्त्याच्या कडेला कृषी समृद्धी नवनगरं होणार होती. साब्रा-काब्रा, सावरगाव माळ ही नावं आपण वर्षानुवर्षं ऐकली. गोदामं, प्रक्रिया उद्योग, शीतगृहं, हाताला काम. आज तिथं किती पोरं रोज हजेरी लावतात, ते ज्यानं त्यानं एकदा जाऊन डोळ्यानं बघावं. मोठा रस्ता जिल्ह्यातून जातो म्हणजे तो जिल्ह्यासाठी थांबतो असं नाही. वरून ढग गेला म्हणून वावर भिजत नाही.

मग काम आहे कुठं? आहे, आणि आपल्या जिल्ह्यातच आहे. अडचण एवढीच की ते विखुरलेलं आहे.

बुलढाणा जिल्ह्यात एकही महानगरपालिका नाही. शेजारी अकोला आहे, जळगाव आहे, जालन्यालाही २०२३ मध्ये महापालिका झाली. आपल्याकडं तेरा तालुके आणि तेरा लहानमोठी गावं-शहरं. खामगावला जिनिंग, तेल, चांदीची बाजारपेठ, एमआयडीसी, साबणाचा मोठा कारखाना. मलकापूरला दसरखेडची एमआयडीसी आणि मुंबई–हावडा मेन लाइन. शेगावला संस्थान आणि त्यामुळं उभा राहिलेला सगळा व्यवहार, शिवाय १९८३ पासून इंजिनिअरिंग कॉलेज. बुलढाण्याला जिल्ह्याची कचेरी, दवाखाने, आणि २०२४ पासून सरकारी मेडिकल कॉलेज. चिखलीला बाजार समिती आणि शाळा-कॉलेजं. देऊळगाव राजाला बियाण्याचा धंदा. यातलं एकेक गाव पुण्याच्या एका उपनगराएवढंही नाही. पण २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या पंचवीस लाख शहाऐंशी हजार होती. एवढी माणसं दीड-दोन तासांच्या अंतरात राहतात. याला मी एक शहरच म्हणतो, फक्त ते तेरा तुकड्यांत पडलेलं आहे. मुंबई हे शहर का आहे? विरारचा माणूस सकाळी चर्चगेटला जातो आणि रात्री घरी येऊन जेवतो म्हणून. लोकल बंद झाली की मुंबईसुद्धा नुसती गावांची रांग उरते. आपल्याकडं ती लोकल म्हणजे एस.टी. होती, आणि ती हळूहळू आटून राहिली आहे.

जोडणी असली की काम कसं उभं राहतं याचा दाखला बाहेरून आणायची गरज नाही. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडं जा. तिथं शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, वांगी, काकडीचे बीजोत्पादनाचे प्लॉट आहेत. क्रॉसिंगचं काम बाया करतात. नर फुलाचा पराग मादी फुलाला हातानं लावायचा, दोऱ्यानं खूण करायची. नजर आणि हात दोन्ही लागतात. हे काम तिथंच का रुजलं? पाण्याची सोय, कोरडी हवा ही कारणं आहेतच. पण मोठं कारण जालना आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी तिथं महिको सुरू केली आणि पुढं जालना बियाण्याचं गाव झालं. देऊळगाव राजापासून जालना तीसेक किलोमीटर. कंपनीचा माणूस सकाळी येतो, प्लॉट बघतो, संध्याकाळी परत जातो. कास्तकार हिशेबाला जाऊन त्याच दिवशी घरी येतो. काम जायला-यायला जमेल तिथंच टिकतं. हेच लोणारला, संग्रामपूरला, मोताळ्याला वेगवेगळ्या धंद्यांत का होऊ नये?

आता शिक्षण. जुलै २०२४ पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. निर्णय चांगला आहे, त्याला नावं ठेवायचं कारण नाही. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास मोफत आहे. मार्च २०२३ पासून बायांना अर्धं तिकीट आहे. कागदावर सगळं आहे. पण पास आहे आणि गाडी नाही, तर त्या पासाचं काय लोणचं घालायचं? प्रॅक्टिकल सुटतं पाच वाजता आणि गावची शेवटची गाडी निघते साडेचारला. मग पोरगी एक तर प्रॅक्टिकल बुडवते, नाही तर काळी-पिवळीत कोंबून येते. दोनदा अंधार पडल्यावर घरी आली की तिसऱ्या दिवशी बाप म्हणतो, बास झालं. त्या बापाला शिव्या देऊ नका. त्याला पोरगी शिकवायचीच होती. त्याला रस्त्यावरचा अंधार नको होता.

बिहारनं २००६ मध्ये नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला. त्या वयाच्या मुलींचं हायस्कुलात नाव दाखल होण्याचं प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि वाढ जास्त दिसली ती शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत. शाळा त्याच होत्या, गुरुजी तेच होते, फक्त अंतर कापायची सोय झाली. आपल्या घाटावर, घाटाखाली वीस-पंचवीस किलोमीटरला सायकल पुरत नाही. इथं गाडीच लागते.

आता पैशाचा हिशेब मांडू. धरा, पोरगं पुण्याकडं चाकणला लागलं, पगार अठरा हजार. खोलीच्या वाट्याचे साडेतीन, मेसचे साडेतीन, जाण्यायेण्याचे आणि मोबाइलचे दीड, गावाकडं सणावाराला येण्याचे महिन्याकाठी एक हजार. गेले साडेनऊ हजार, उरले साडेआठ. दुसरं पोरगं धरा खामगावला बारा हजारांवर लागलं, गाव पंचवीस किलोमीटरवर. एस.टी.चा मासिक पास वीस दिवसांच्या भाड्यात तीस दिवस चालतो. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतरही तो दोन हजारांच्या आसपास पडेल. चहापाणी पाचशे. डबा घरचा. उरले साडेनऊ हजार. वर रविवार वावरात, म्हाताऱ्याच्या औषधाला माणूस घरात, आणि सोंगणीला दोन हात हक्काचे. सहा हजार कमी पगार घेणारं पोरगं महिनाअखेर हजार रुपयांनी पुढं आहे. पण हा हिशेब कधी जमतो? सकाळची शिफ्ट गाठून देणारी आणि शिफ्ट सुटल्यावर घरी आणणारी गाडी असेल तेव्हाच. ती नसली की पोरगं चाकणलाच जाणार.

कुणी म्हणेल, आता घरोघरी मोटारसायकल आहे, एस.टी. कुणाला पाहिजे? रोज पन्नास किलोमीटर म्हणजे एक लिटर पेट्रोल, भाव शंभराच्या वर. महिन्याला पावणेतीन हजार पेट्रोलचे, गाडीचा हप्ता वेगळा, पावसाळा आणि रात्रीचे डंपर वेगळे. आणि ती गाडी घरातल्या एकट्या पोराच्या बुडाखाली असते. बहीण, आई, बायको घरीच.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे, पण तो कुणी तोंडानं बोलत नाही. पारावर मात्र बोलतो. गावातले पोट्टे-पोट्टी रोज कामाला शहरात जायला लागले तर वावरात मजूर कोण? निंदणाला बाया कुठून आणायच्या? मंडळी, आपल्यातल्या काही जणांना गावाची गाडी बंद पडलेली बरी वाटते, हे कबूल करायला पाहिजे. माणूस अडकलेला राहिला की स्वस्तात मिळतो, हा हिशेब आहे. मी म्हणतो हा हिशेब माणुसकीलाही धरून नाही आणि धंद्यालाही नाही.

धंद्याचंच बघा. गाडी बंद ठेवून मजूर राहिला का? नाही. तो बायकोलेकरांसकट पुण्याला, सुरतला, ऊसतोडीला गेला. आज सोंगणी गुत्त्यानं द्यावी लागते, टोळी बाहेरून आणावी लागते, नाही तर हार्वेस्टरची वाट पाहावी लागते. गेलेला माणूस दिवाळीत दोन दिवस दिसतो. रोज जाऊन-येऊन काम करणारा माणूस मात्र गावातच राहतो. त्याची बायको गावात, लेकरं जिल्हा परिषदेच्या शाळेत, रेशन गावात, दूध गावात. सुट्टीच्या दिवशी तो वावरात येतो. त्याच्या घरातल्या बाया हंगामाला भेटतात. मजुरी वाढेल, हो, वाढेल. पण आपल्याला मारून राहिलं ते मजुरीनं की भावानं? २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता आणि बाजारात कास्तकारानं त्याच्याखाली विकलं. मजुराच्या पोटाला चिमटा काढून तो फरक कधी भरून निघाला नाही, निघणारही नाही. उलट घरात महिन्याला एक पगार येत असेल तर सोयाबीन काढल्याबरोबर पडेल भावात विकायची पाळी येत नाही. माल दोन महिने घरात ठेवायची ताकद पगारातून येते. शेतीला याहून मोठं अनुदान नाही.

आणि शेतकरी पोराच्या लग्नाचं दुखणं प्रत्येक गावाला माहीत आहे. पोरगी विचारते, तिथं राहून मला शिकता येईल का, नोकरी करता येईल का? ज्या गावातून सकाळी गाडी निघते त्या गावाला हो म्हणता येतं.

तिसरा आक्षेप एस.टी.वाल्यांचा. भारमान नाही, फेरी तोट्यात जाते, म्हणून बंद केली. आता भारमानाची गंमत ऐका. कॉलेज सातला, शिफ्ट आठला, आणि गाडी येते साडेदहाला. ती रिकामीच जाणार. मग रिकामी गेली म्हणून बंद. हे म्हणजे ऑगस्टअखेर सोयाबीन पेरायचं, उतारा आला नाही की वाणाला नावं ठेवायची, आणि पुढच्या वर्षी वावर पडीक टाकायचं. पेरणीची वेळ कुणी चुकवली ते आधी बघा. वेळ धरून दोन महिने गाडी चालवा, तरी भरली नाही तर आपण बोलणार नाही. शिवाय सवलतीचा पैसा सरकार महामंडळाला देतं. अर्ध्या तिकिटानं बाया एस.टी.कडं परत वळल्या आहेत. प्रवासी आहे, वेळ जुळत नाही.

कृषी पदवीधर मित्रांनाही दोन शब्द. अकोल्याच्या विद्यापीठातून दरवर्षी आपल्या जिल्ह्यातली पोरं बी.एस्सी. ॲग्री होऊन निघतात. त्यातली कितीतरी स्पर्धा परीक्षेच्या खोलीत तिशी गाठतात. सरकारनं २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. सहा, आठ, दहा हजारांचं विद्यावेतन, तेही ठरावीक महिने. मुदत संपली की पोरगं परत खोलीत. आपलं सोयाबीन, तूर, हरभरा, कापूस कच्चाच ट्रकमध्ये भरून जिल्ह्याबाहेर जातो. त्याची प्रतवारी, डाळ, तेल, बियाणं, साठवण इथं झाली तर तुमच्या पदवीला काम आहे. पण प्रक्रिया कारखाना टाकणारा आधी विचारतो की तीन पाळ्यांना माणूस कुठून येईल, रात्री अकराला सुटलेली बाई घरी कशी जाईल. शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या बैठकीत शेडचा, मशीनचा, अनुदानाचा प्रकल्प अहवाल होतो. माणूस येणार कसा, याचं पान त्यात नसतं. ते पान तुम्ही घाला.

मग मागायचं काय? मोघम विकास मागू नका. विकास मागितला की भाषण मिळतं. हे मागा:

१. मुक्कामी गाडी. रात्री गावात थांबणारी आणि पहाटे निघणारी. जिथं बंद पडली तिथं परत. चालक-वाहकाच्या झोपायची, संडासाची नीट सोय ग्रामपंचायतीनं करावी. ती न करता मुक्कामी गाडी मागायचा आपल्याला हक्क नाही.

२. दर जूनच्या आधी वेळापत्रकाची एक बैठक. आगार व्यवस्थापक, कॉलेजांचे प्राचार्य, आयटीआय, एमआयडीसीतले कारखानदार आणि सरपंच एका टेबलावर. आधी शाळा-शिफ्टच्या वेळा लिहायच्या, मग गाडीच्या.

३. तालुका ते तालुका फेऱ्या. लोणार–मेहकर–चिखली, संग्रामपूर–शेगाव–खामगाव, मोताळा–मलकापूर–नांदुरा. ठरलेल्या वेळेला, दिवसभर, आणि शेवटची संध्याकाळी सातनंतर.

४. एमआयडीसीत प्लॉट आणि सवलती घेणाऱ्या मोठ्या कारखान्यांना कामगारांची गाडी बंधनकारक करा. जमीन आमची, सवलत सरकारची, मग वीस किलोमीटरवरून माणूस आणायला काय हरकत आहे?

५. समृद्धीच्या मेहकर, दुसरबीड, सिंदखेड राजा इंटरचेंजला जोडणाऱ्या गाड्या, जमीन देणाऱ्या गावांपासून सुरू होणाऱ्या.

यातल्या एकाही गोष्टीला डोंगर पोखरावा लागत नाही. रेल्वेची मागणी चालूच ठेवा, मीही सोबत आहे. पण रेल्वे आली तरी ती गावाच्या पारावर थांबणार नाही. स्टेशनापर्यंत जायला हीच गाडी लागेल.

आणि हे निवेदनाच्या फोटोनं होणार नाही. २ ऑक्टोबरला ग्रामसभा आहे. त्याआधी एका वहीत लिहून काढा: गावातली किती पोरं-पोरी रोज बाहेर शिकायला जातात, किती जण कामाला, कुठं, त्यांना किती वाजता पोचायचं आणि किती वाजता सुटतं, आणि गाडीअभावी किती जणांनी शिक्षण किंवा काम सोडलं. शेवटच्या रकान्यात नाव नको, आकडा पुरे. हा कागद ठरावाला जोडा, ठराव आगाराला द्या आणि पोच घ्या. दहा गावांचे असे कागद एका टेबलावर पडले की भारमान नाही म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही.

खाली आपापल्या गावचं नाव आणि शेवटच्या गाडीची वेळ लिहा. गाडी येतच नसेल तर तसं लिहा. तालुकावार यादी करून पुढच्या आठवड्यात याच पानावर टाकतो.